मार्थेचे अश्रू



नोव्हेंबर महिना आपण मृतात्म्यांच्या स्मरणार्थ पाळतो. २ तारखेला आपण सर्व दफनभूमीत जमलो, कबरींवर पवित्र पाणी शिंपडले, फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या. त्या गर्दीत आपल्याला एकमेकांचा आधार वाटतो. परंतु दफनभूमीत वर्षभर येणारी काही माणसे आहेत, त्यांच्या वाट्याला ही गर्दी येत नाही. सकाळचा मिस्सा आटोपून मी परतत असतो तेव्हा कधी कधी एखादी भगिनी एका कबरीपाशी उभी दिसते. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, गळ्यात ऑफिसचे ओळखपत्र. ती मेणबत्ती लावते, क्रूसाची खूण करते, घड्याळाकडे पाहते आणि स्टेशनची रिक्षा पकडायला निघते. सगळे मिळून चार-पाच मिनिटे. तिच्या दुःखाला दिवसभरात तेवढाच वेळ मिळतो.

आज मला या नोकरी-व्यवसाय करणाऱ्या भगिनींच्या दुःखाविषयी लिहायचे आहे. आपल्या वसईत अशा भगिनी घरोघरी आहेत. कोणी परिचारिका आहे, कोणी शिक्षिका, कोणी बँकेत, कोणी कचेरीत, कोणी स्वतःचे दुकान चालवते. त्यांच्या पगारावर मुलांची शिक्षणे झाली, घरांवर दुसरा मजला चढला. परंतु त्यांच्यावर वियोगाचा प्रसंग आला की आपण त्यांच्याशी कसे वागतो? हा प्रश्न मला एका भगिनीने शिकवला. शिकवताना तिने माझी एक चूकही मला दाखवली. तीच आधी कबूल करतो.

"तुम्ही मला धीराची म्हणालात"

ही हकिकत मी त्या भगिनीच्या परवानगीने, त्यांची ओळख पटणार नाही इतपत बदल करून सांगत आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एका शिक्षिकेचे पती हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय पन्नासच्या आत. दफनविधीच्या दिवशी घरात सगळ्यांची शुद्ध हरपली होती, पण या बाई उभ्या होत्या. डॉक्टरांचा दाखला, शवपेटी, आखातातल्या दिराला फोन, आलेल्या माणसांचा चहा, सगळे त्यांनीच पाहिले. सासूबाई कोसळल्या तेव्हा त्यांना त्यांनीच धरले. सातव्या दिवसाचा मिस्सा झाला आणि दुसऱ्या दिवशी त्या शाळेत हजर झाल्या, कारण दहावीचा वर्ग त्यांच्याकडे होता.

त्या सातव्याच्या मिस्सात प्रवचन करताना मी सर्वांसमोर म्हणालो, "ख्रिस्ती श्रद्धा कशी असते ते टीचरांकडे पाहून शिका. इतकं मोठं दुःख आलं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी नाही." लोकांनी माना डोलावल्या. मलाही वाटले, आज आपण चांगले बोललो.

वर्षानंतर त्या वर्षाचा मिस्सा लिहायला पॅरिश ऑफिसमध्ये आल्या. मी पावती लिहून दिली. पावती घेऊनही त्या उभ्याच राहिल्या.

"फादर, एक सांगू? राग मानू नका."

"सांगा ना, टीचर."

"त्या दिवशी तुम्ही मला धीराची म्हणालात. तेव्हापासून मला कोणासमोर रडता आलं नाही. घरी सासूबाईंचा मुलगा गेलाय, त्यांच्यासमोर मी कशी रडू? मुलं माझ्या तोंडाकडे बघत असतात. शाळेत चाळीस पोरं समोर. आणि चर्चमध्ये मी धीराची बाई. मग मी कुठे रडते, माहीत आहे? गाडीत. भाईंदर सुटलं, खाडीचा पूल लागला की तोंड खिडकीकडे करते. नायगाव आलं की डोळे पुसते. तेवढीच माझी रडायची जागा."

मी पावतीपुस्तक बंद केले. काय बोलावे ते मला सुचेना. भाईंदर ते नायगाव म्हणजे पाच-सात मिनिटे. एका बाईचा वीस वर्षांचा संसार तेवढ्या मिनिटांत रडून घ्यायचा, आणि तसे करण्याची सक्ती तिच्यावर, नकळत का होईना, मी केली होती.

कामाचा चेहरा

नोकरी करणाऱ्या स्त्रीला आपला चेहरा सांभाळावा लागतो. परिचारिकेने रुग्णासमोर रडायचे नसते. शिक्षिकेने वर्गात खचायचे नसते. काउंटरवर बसलेल्या मुलीने समोरच्या माणसाशी हसून बोलायचे असते, मग तिच्या घरात काहीही झालेले असो. आर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातील परिचारिकांचा अभ्यास केला आणि १९८३ साली लिहिलेल्या पुस्तकात या गोष्टीला 'भावनिक श्रम' असे नाव दिले. ओझे उचलले की पाठ दुखते, तसे दिवसभर चेहरा सांभाळला की आतून माणूस थकते. त्यात स्वतःचे दुःख असेल तर थकवा दुप्पट होतो.

मग ही स्त्री घरी येते. घरी दुसरी पाळी सुरू होते. तिथे ती कोणाची सून असते, कोणाची आई असते, आणि इतरांचे दुःख तिच्या दुःखाच्या आधी येते. त्याच वेळी शेजारी काही कुजबुजतात, "बघ, सातवा झाला नाही तर निघाली कामाला!" म्हणजे कामावर गेली तर ती कठोर मनाची, आणि घरी बसली तर पगार कापला जातो. जवळचे माणूस गेले म्हणून सर्वांना वेगळी पगारी रजा देणारा कायदा आपल्या देशात नाही. मालकाने काही दिवस दिले तर दिले, नाही तर किरकोळ रजा, हक्काची रजा, नंतर बिनपगारी. घरातला दुसरा पगार मृत्यूबरोबर थांबलेला असतो, तेव्हा बिनपगारी रजा हा शब्द उच्चारणेही तिला परवडत नाही. मस्टरवरची तिची सही पाहून तिच्या मनाची परीक्षा करू नका.

आणखीही दुःखे आहेत, ज्यांना आपण दुःखच मानत नाही. केनेथ डोका या अभ्यासकांनी १९८९ साली अशा दुःखांकडे लक्ष वेधले. ज्या वियोगाची समाज दखल घेत नाही, ज्यासाठी कोणी भेटायला येत नाही, तो वियोग माणसाला एकट्याने सोसावा लागतो. आपल्या आसपास पाहा. अविवाहित मुलीने बारा वर्षे नोकरी सांभाळून आईचे आजारपण काढले. आई गेली. लोक म्हणतात, "सुटली बिचारी." कोण सुटली? आई की मुलगी? त्या मुलीला संध्याकाळी घरी जाण्याचे कारणच उरलेले नसते. रात्रपाळीच्या परिचारिकेने पंधरा दिवस एका रुग्णाची सेवा केली आणि तिच्या हातात त्याने प्राण सोडला. नातेवाईक रडतात, ती चादर बदलते, कारण पुढचा रुग्ण बाहेर स्ट्रेचरवर आहे. कोविडच्या साथीत २०२० आणि २०२१ साली आपल्या धर्मग्रामातील परिचारिकांनी हे किती वेळा सोसले ते त्यांनाच ठाऊक. त्या काळात अंत्यविधीला वीसच माणसे, शवपेटी उघडायची नाही, चेहरा पाहायचा नाही. ड्युटीवर असल्यामुळे स्वतःच्या वडिलांच्या दफनविधीला न आलेल्या भगिनीही आपल्यात आहेत.

आणि जन्माआधीच गेलेले बाळ. याविषयी तर आपण बोलतच नाही. गर्भपात झालेल्या नोकरदार स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा मिळावी, ही तरतूद आपल्या देशात १९६१ सालच्या कायद्याने केली आणि आजच्या कायद्यातही ती कायम आहे. सरकारच्या कायद्याला जे कळले ते आपल्या घरांना कळत नाही. आपण म्हणतो, "जाऊ दे, अजून वय आहे, दुसरं होईल." पण त्या आईचे हे बाळ गेलेले असते. दुसरे झाले तरी हे परत येणार नसते. अशा मातांना मी सांगू इच्छितो की, त्या बाळासाठी रडण्याचा तुम्हाला अधिकार आहे. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेच्या हवाली करते, असे १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात म्हटले आहे. आणि २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम कारणे आहेत, हे सविस्तर मांडले. तुमच्या मनात त्या बाळाचे एखादे नाव असेल तर ऑफिसमध्ये या. आपण मिस्सात देवासमोर ते नाव घेऊ.

बेथानीची मार्था

मार्था म्हटले की आपल्याला ती स्वयंपाकघरातली, कामात गुंतलेली मार्था आठवते. लूकच्या शुभवर्तमानातील त्या प्रसंगावरून आपण तिला कायमची कामसू ठरवून टाकले. योहानच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात, हीच मार्था दुःखात भेटते. तिचा भाऊ लाझर वारला आहे. घरी समाचाराला पुष्कळ लोक आले आहेत. येशू येत आहे असे कळताच मरिया घरात बसून राहते, आणि मार्था उठून गावाबाहेर त्याला भेटायला जाते. काम करणाऱ्या बाईचे दुःखसुद्धा असे पायांवर उभे असते.

आता एक बारीक गोष्ट पाहा. मी हा अध्याय अनेक दफनविधींत वाचला आहे, पण टीचर बोलून गेल्यावर ती मला दिसली. थोड्या वेळाने मरिया घरातून उठून बाहेर पडते, तेव्हा सगळे लोक तिच्या पाठोपाठ जातात. त्यांना वाटते, ही कबरीपाशी रडायला चालली आहे. मार्था बाहेर पडली तेव्हा तिच्या मागे कोणी गेल्याचे योहान लिहीत नाही. दोघी बहिणींचा भाऊ एकच. परंतु जी रडत बसली होती तिच्या मागे माणसे गेली, आणि जी कामाला लागल्यासारखी उठून गेली तिला सगळ्यांनी एकटी जाऊ दिले. लोकांना वाटले असेल, मार्था काय, ती खंबीर आहे!

येशूला तसे वाटले नाही. दोघी बहिणींनी त्याच्याकडे एकच तक्रार केली: तू इथे असतास तर आमचा भाऊ गेला नसता. ही तक्रार त्याने दोघींची ऐकून घेतली. मरियेसोबत तो रडला. मार्थेशी तो बोलला. ती उभी होती म्हणून तोही तिच्यासोबत रस्त्यात उभा राहिला. आपणच पुनरुत्थान आणि जीवन आहोत, हे आपल्या श्रद्धेचे सर्वांत मोठे सत्य त्याने मंदिरात नव्हे, शिष्यांच्या सभेत नव्हे, तर गावाबाहेरच्या रस्त्यावर, भावाच्या मृत्यूने पोळलेल्या या कामसू बाईला सांगितले. आणि तो देवाचा पुत्र ख्रिस्त आहे ही कबुली तिने त्याला तिथेच दिली.

पुढे कबरीपाशी दगड बाजूला करायची वेळ येते, तेव्हा मार्था व्यवहाराचे बोलते: चार दिवस झाले आहेत, आता दुर्गंधी येत असेल. काहींना हे बोलणे कोरडे वाटते. मला त्यात तिचे दुःख ऐकू येते. ती दिवस मोजत होती. ज्याचे माणूस गेले आहे त्यालाच कितवा दिवस ते विचारावे लागत नाही.

मार्था रडली असे योहान कुठेच लिहीत नाही. ती रडलीच नाही असेही तो लिहीत नाही.

चार मुले गमावलेली लेसवाली

ज्या संत झेली मार्टिन यांना आपण बाळ येशूच्या संत तेरेजेची आई म्हणून ओळखतो, त्या स्वतः एक व्यावसायिक स्त्री होत्या. फ्रान्समधील आलाँसों हे गाव सुईने विणलेल्या अतिशय नाजूक लेससाठी प्रसिद्ध आहे. झेलींनी १८५३ साली, लग्नाआधी, या लेसचा धंदा सुरू केला. घरोघरी विणणाऱ्या बायका तुकडे आणून देत आणि झेली ते तुकडे जोड दिसणार नाही अशा रीतीने जोडत. १८५८ साली त्यांचे लुई मार्टिन यांच्याशी लग्न झाले. धंदा इतका वाढला की १८७० साली लुईंनी आपले घड्याळांचे दुकान विकले आणि पत्नीच्या व्यवसायात मदत करू लागले.

या दांपत्याला नऊ मुले झाली. त्यातली चार गेली. १८६७ आणि १८६८ साली दोन लहान मुलगे, १८७० च्या फेब्रुवारीत पाच वर्षांची एलेन, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दोन महिन्यांची मेलानी तेरेजा. चार वर्षांच्या आत चार शवपेट्या, आणि मधल्या काळात झेलींचे वडीलही गेले. या सगळ्या काळात लेसची मागणी येतच होती, विणणाऱ्या बायकांची मजुरी द्यायची होती, उरलेल्या मुलींना वाढवायचे होते. झेलींची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत त्यांनी आपला थकवा लपवलेला नाही. कामाचा कंटाळा येतो, जीव दमतो, असे त्या उघडपणे लिहितात. म्हणजे संत झालेली बाईसुद्धा 'मी खंबीर आहे' असे नाटक करत नव्हती. ती आपल्या भावाला, वहिनीला, बहिणीला लिहून मन मोकळे करत होती.

लोक त्यांना म्हणत, ही मुले झालीच नसती तर बरे झाले असते. झेलींना ते मुळीच पटत नसे. पुढे त्यांच्या वहिनीचे बाळ गेले तेव्हा झेलींनी तिला आपल्या अनुभवातून धीर दिला: ही मुले गमावलेली नाहीत, आयुष्य थोडे आहे, ती आपल्याला पुन्हा भेटणार आहेत. स्वतः चार वेळा त्या वाटेने गेलेली बाईच असे लिहू शकते. माझ्यासारख्याने ते वरवर म्हटले तर जखमेवर मीठ होते. १८७७ साली स्तनाच्या कर्करोगाने झेली वारल्या. तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि झेली या पतिपत्नींना एकत्र संतपद बहाल केले.

संत थॉमस यांचे पाच उपाय

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हाला स्टोइक विचारवंत अभ्यासाला होते. खरा ज्ञानी माणूस कोणत्याही वियोगाने हलत नाही, असे ते शिकवत. मी त्या परीक्षेत चांगले गुण मिळवले. आज मागे वळून पाहताना वाटते, सातव्याच्या त्या मिस्सात वेदीवरून मी स्टोइकांचे प्रवचन केले, ख्रिस्ताचे नाही. ख्रिस्त तर कबरीपाशी सर्वांसमोर रडला.

आपल्या परंपरेतील मोठमोठ्यांनाही हे शिकावे लागले. ३८७ साली ओस्तिया येथे संत मोनिका वारल्या तेव्हा संत ऑगस्टीन यांनी रडू आवरून धरले. ते मित्रांशी शांतपणे बोलत राहिले, लोकांना वाटले यांना दुःख नाहीच. आंघोळ केली, पण मन हलके झाले नाही. झोपल्यावर थोडे बरे वाटले. शेवटी अंथरुणात एकटे असताना त्यांनी अश्रूंना वाट करून दिली, आणि मग ते सर्व आपल्या आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवले.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात दुःखावरचे उपाय कोणते याची चर्चा केली आहे. इतका मोठा ईशज्ञानी काहीतरी अवघड सांगेल असे आपल्याला वाटते. त्यांनी सांगितलेले उपाय पाच: आनंद देणारी एखादी गोष्ट, अश्रू, मित्रांची सहवेदना, सत्याचे चिंतन, आणि झोप व आंघोळ! मला हे वाचून नेहमी हसू येते आणि धीरही येतो. देवाने आपल्याला शरीर दिले आहे आणि दुःख शरीरालाही होते, हे या संताला ठाऊक होते.

भगिनींनो, हे पाच उपाय तुमच्या रोजच्या दिवसात कुठे बसतात ते पाहू.

झोप. नवरा गेल्यावर, आई गेल्यावर पहाटे चारला उठून डबे करणे तुम्ही थांबवले नसेल. काही महिने एखादा डबा कमी होऊ द्या. मोठ्या मुलाला भात लावायला शिकवा. यात स्वार्थ नाही.

आनंद. गाडीतल्या ग्रुपमध्ये एखाद्या गोष्टीवर हसू आले तर हसा. गेलेल्या माणसाशी ती बेइमानी नव्हे. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ साली दाखवून दिले की, शोक करणारे माणूस सतत दुःखात राहत नाही. ते कधी दुःखाकडे जाते, कधी कामाकडे आणि रोजच्या जगण्याकडे वळते, पुन्हा दुःखाकडे येते. ही ये-जा हीच बरे होण्याची वाट आहे. म्हणून जी लवकर कामावर जाते ती दुःखापासून पळते असे समजू नये. काम तिला काही तास आधार देते. फक्त दुःखाकडे परत यायलाही तिला वेळ मिळाला पाहिजे.

अश्रू. रडण्यासाठी जागा लागते. ती प्रत्येक घरात असतेच असे नाही. आपले चर्च संध्याकाळी साडेआठपर्यंत उघडे असते. मागच्या बाकावर येऊन बसा. कोणी काही विचारणार नाही.

मित्रांची सहवेदना. संत थॉमस म्हणतात, दुःख हे ओझ्यासारखे आहे. मित्र आला की दुःखी माणसाला वाटते, कोणीतरी दुसऱ्या बाजूने हात लावला. येथे आपल्या सर्वांची जबाबदारी येते. समाचाराला आपण सगळे जातो, सातव्यापर्यंत घर भरलेले असते. पण तिसऱ्या महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी, बाई कामावरून दमून आल्यावर, शेजारणीने कालवणाचे भांडे आणून दिले तर त्याची किंमत जास्त आहे. बंधूंनो, तुम्हीही ऐका. विधवा बहिणीच्या, वहिनीच्या बँकेच्या, वारसाच्या, पेन्शनच्या खेपा असतात. त्यासाठी तिची रजा संपते. एक दिवस तुम्ही तिच्यासोबत जा. आणि तिच्या पगाराचा हिशेब मात्र तिला विचारू नका.

सत्याचे चिंतन. सर्वांत मोठे सत्य हेच की मृत्यू शेवट नाही. पण हे सत्य दुसऱ्याच्या तोंडावर फेकायचे नसते. येशूने ते मार्थेला सांगितले, पण आधी तिची तक्रार ऐकून घेतली. "देवाची इच्छा", "देवाला चांगली माणसं हवी असतात", "आता मुलांकडे बघ", "तू तर खंबीर आहेस", ही वाक्ये आपण काही काळ बंद ठेवू या. त्याऐवजी एवढेच विचारू या, "कशी आहेस? आज त्यांची फार आठवण येते का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबू या.

शेवटी एक आवश्यक गोष्ट. कित्येक महिने झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात श्रद्धेची उणीव नाही. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. मिस्साही करा आणि औषधही घ्या. दोन्ही देवाचीच देणगी आहे.

रुमाल

टीचरांची गोष्ट थोडी राहिली आहे. त्या दिवशी ऑफिसमध्ये मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "फादर, तुमच्यावर राग नाही. आणि गाडीतही मी अगदी एकटी नाही." मग त्यांनी सांगितले. एके दिवशी खाडीच्या पुलावर त्या नेहमीप्रमाणे खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. समोरच्या बाकावर बसलेल्या बाईने काही न विचारता आपला रुमाल पुढे केला. दुसऱ्या दिवशी ती बाई त्यांच्या शेजारी बसली. तिसऱ्या दिवशीही. भाईंदर आले की ती फक्त त्यांचा हात धरायची आणि नायगावला सोडायची. "तिचं नाव मला बरेच दिवस माहीत नव्हतं. ती आपल्यातली नाही, कपाळाला कुंकू लावते. पण फादर, क्रूसाच्या वाटेवर सहावं स्थान आलं की आता मला तीच दिसते."

सहाव्या स्थानी आपण वेरोनिकेचे स्मरण करतो. तिने ख्रिस्ताचा क्रूस काढून घेतला नाही. तिला तो घेता आलाही नसता. तिने त्याला धीर धर असेही सांगितले नाही. तिने फक्त कापड पुढे केले.

मला वाटते, त्या डब्यातल्या भगिनीने जे केले ते आपल्या धर्मग्रामाने करायला हवे होते. म्हणून महिला मंडळाशी बोलून आम्ही असे ठरवले आहे की, या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी साडेसात वाजता, म्हणजे कामावरून येणाऱ्यांना पोहोचता येईल अशा वेळी, चर्चमध्ये एक तासाची प्रार्थना ठेवावी. प्रवचन होणार नाही. योहानच्या अकराव्या अध्यायाचे वाचन होईल, मेणबत्त्या लावल्या जातील, आणि ज्यांना नाव घ्यावेसे वाटते त्या आपल्या माणसाचे नाव घेतील. ज्यांना रडावेसे वाटेल त्यांनी रडावे. परिचारिका भगिनींनी आपल्या हातात प्राण सोडलेल्या रुग्णांसाठीही मेणबत्ती लावावी, त्यांची नावे आठवत नसली तरी.

प्रार्थना

हे प्रभू येशू, बेथानीच्या रस्त्यावर तू मार्थेसाठी थांबलास. आमच्या ज्या भगिनी दुःख पदराला बांधून रोज कामाला जातात, त्यांच्यासाठीही थांब. गाडीत, वॉर्डात, वर्गात, काउंटरवर तू त्यांच्या शेजारी राहा. त्यांची तक्रार ऐकून घे, त्यांच्यासोबत रड, आणि योग्य वेळी त्यांना पुनरुत्थानाची आशा दे. आम्ही त्यांना खंबीर म्हणून एकटे सोडले असेल तर आम्हाला क्षमा कर. आमच्या हातांना रुमाल पुढे करायला शिकव. आमच्या सर्व मृत बंधुभगिनींना तुझ्या राज्यात चिरशांती लाभो. आमेन.

ख्रिस्ताठायी आपला,
प्रमुख धर्मगुरू